कॉलरचं मीठ

स्लॅथवेट असं लिहितात, म्हणतात मात्र 'स्लॉइट'.
पाच वर्षं झाली, अजून जीभ अडखळते.
कालव्याच्या पुलाला लागून आमचं दुकान,
आमचं म्हणजे नसरीनबाजींचं;
मी मशीन चालवते, डाग ओळखते.
एम.एस्सी. ऑरगॅनिक, शिवाजी विद्यापीठ,
हे इथं फक्त मशीनला माहीत.

मंगळवारी डोरीन हेपवर्थ आली,
कडेवर लेकरू घ्यावं तसा कोट घेऊन.
राखाडी, जाड, इथल्याच गिरणीतल्या लोकरीचा.
बाहीवर काळपट तेल, खिशाजवळ तेल,
आणि कॉलरच्या आतून
सुकलेल्या घामाची पांढरी, वाकडीतिकडी रेघ,
ओहोटीनंतर वाळूवर उरते तशी.

मी बाही नाकाशी नेली.
मागाचं तेल!
इचलकरंजीत आमच्या गल्लीला हाच वास होता,
भाकरीलासुद्धा.
"नवरा माग दुरुस्त करायचा?"
"क्लिफर्ड. एकतीस वर्षं."
आमच्याकडे त्याला जॉबर म्हणतात, मी म्हटलं.
ती पहिल्यांदाच हसली.

मग म्हणाली, तेल काढ. नातू घालणार आहे, लग्नात.
पण,
आणि त्या 'पण'पाशी बराच वेळ थांबून,
तो सगळा काढू नकोस.

हे कुठल्या पावतीवर लिहायचं?

घोणसीकर सर फळ्यावर पाणी काढायचे:
मधे ऑक्सिजन, दोन अंगांना हायड्रोजन,
कमरेत वाकलेलं.
वाकलंय म्हणून ओढ एकीकडे झुकते,
एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन.
मिठाचा खडा दिसला की पाणी
दोन्ही टोकांनी त्याला धरतं, कण कण सोडवून नेतं.
तेलाला मात्र धरावं असं टोकच नाही.
मग पाणी आपसातच हात घट्ट धरून बसतं,
तेल दारात उभं.

आमच्या मशीनमधला द्रावक निराळा.
दोन कार्बन, चार क्लोरीन.
क्लोरीन जात्याच ओढाळ, पण चौघे चार कोपऱ्यांतून
सारख्याच जोरानं ओढतात;
रस्सीखेचीतला रुमाल जागचा हलत नाही.
बाहेरून पाहावं तर कुणी ओढतच नाहीये.
अशा निवांतपणात तेल विरघळतं.
मीठ नाही. मीठ त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

"समानात समान विरघळतं," सर खडू झटकत म्हणायचे,
आणि मागच्या बाकावरून सुतार, हळूच:
"म्हणूनच सर, माझं कुठं जमत नाही."

डोरीनला यातलं काय सांगू?
एवढंच सांगितलं:
तेल जाईल. वासही जाईल, खोटं बोलत नाही,
वास बहुतेक तेलाच्याच जातीचा, त्याच्यासोबत निघतो.
घामातलं मीठ पाण्याचं.
या कोटाला मी पाणी लावणार नाही.

कॉलरला आधी ओला ब्रश मारायचा,
असा दुकानाचा नियम.
बुधवारी तो ब्रश मी खुंटीवरच ठेवला.
नसरीनबाजी बँकेत गेल्या होत्या, बरं झालं.

शुक्रवारी कोट हँगरवर, प्लास्टिकमध्ये,
बिनवासाचा, जरासा परका.
डोरीननं प्लास्टिक तिथंच फाडलं,
कॉलर उलटी केली.
रेघ होती.
तिनं इकडेतिकडे पाहिलं,
दुकानात मी, आणि पडदे न्यायला आलेला एक माणूस,
आणि जिभेचं टोक
अगदी हलकेच तिथं टेकवलं.

मी पावतीत डोकं घातलं. नऊ पौंड पन्नास.
लाळ म्हणजे शेवटी पाणीच.
एवढ्याशानं किती मीठ गेलं असेल,
अजून किती वेळा पुरेल,
तिनं विचारलं नाही.
मला हिशेब येतो. मी केला नाही.